दर्भाचे हात

काचेपलीकडचा माणूस गुडघे पोटाशी घेऊन, दोन्ही हात तोंडावर धरून पडला होता. पॉम्पेईची गाइड इंग्रजीत सांगत होती आणि मी बाबांना मराठीत. "ज्वालामुखीच्या राखेखाली माणसं गाडली गेली, बाबा. देह कुजून गेले, पण राखेत त्यांच्या आकाराची पोकळी तशीच राहिली. तिच्यात प्लास्टर ओतलं, की शेवटच्या क्षणी माणूस जसा होता तसा दिसतो."

शेवटचं वाक्य बोलून गेले आणि जीभ चावली. बाबांना जरा विरंगुळा म्हणून इटलीला बोलावलं आणि आणलं ते नेमकं इथे.

सहा वर्षांपूर्वी आमच्या वाडीवर दरड कोसळली. दादा मातीखालून निघालाच नाही. शोध थांबला, तेव्हा भटजींच्या सांगण्यावरून बाबांनी स्वतः दर्भाचा पुतळा बांधला. तो उताणा निजवला, पाय सरळ केले, हात छातीवर ठेवले आणि त्यालाच अग्नी दिला.

"चला बाबा, बाहेर सावलीत बसू."

बाबा हलले नाहीत. त्यांचं बोट काचेवर, त्या झाकलेल्या तोंडापाशी टेकलं होतं.

"मी त्याला शांत झोपलेला केला होता गं," ते म्हणाले.