मधाचे गोडवे

आईचा गोळ्यांवर काडीचा विश्वास नव्हता. तिचा भरवसा घरगुती उपायांवर. मुलाचं औषधांचं दुकान असूनही आईपुढे त्याची डाळ शिजत नसे. शेवटी तो तिच्या मधाच्या बरणीत गुपचूप बीपीच्या गोळ्या कुटून मिसळू लागला. बीपी उतरलं आणि आई गल्लीभर मधाचे गोडवे गाऊ लागली. आज दुपारी तो ताट घ्यायला गेला, तर फडताळात बरणीच नव्हती. "आई, तुझा मध कुठंय?" "ताईला देतेय. सातवा महिना तिचा, अंगात ताकद नको?" "कधीपासून?" "झाले चार दिवस. तुझ्या गोळ्यांपेक्षा बरा." "ताई कुठंय?" "आत पडलीय. सकाळपासून डोळ्यांपुढे अंधारी येतेय म्हणते." हातातलं ताट टाकून तो आतल्या खोलीकडे धावला. मागून आईचा आवाज आला, "अरे, एवढा घाबरतोस काय? आत्ताच दोन चमचे जास्त दिलेत."