जुना मोड

तुडीलच्या बिल्किसखालांचा कॉम्प्युटर सलग चौथ्या शुक्रवारी अडला. महाडहून आलेल्या अर्शद मेकॅनिकने पाहिलं, तर बूट मोड, म्हणजे मशीन सुरू होण्याची पद्धत, पुन्हा जुन्यावरून नव्यावर गेलेला. नव्या मोडमध्ये खालांची जुनी हार्ड डिस्क सापडतच नसे.

“खाला, हा आपोआप नाय बदलत. हात कोण लावतं?”

“मला काय कळतंय त्यातलं? पोरगा कुवेतला, घरात मी एकटी. तू आधी जेव, भाकरी गरम हाय.”

जेवून त्याने मशीन सुरू केलं. सेटिंग उघडायला तो बटण दाबणार, तोच खालांनी सवयीने तेच बटण, एफ-टू, दाबलं आणि चटकन हात ओढणीखाली घेतला.

सेटिंगला पासवर्ड लावून हे कायमचं थांबवता आलं असतं. अर्शदने फक्त मोड जुन्यावर आणला.

“पुढच्या शुक्रवारी कोलंबी करा, खाला.”