सात कोरी पाकिटं

लाखेचं सील फोडायला खांबेटेबाईंनी पर्समधून नेलकटर काढलं. टेबलावर सात पाकिटं होती. बाईंच्या आणि माझ्या कंपनीसकट आम्हा सातही कंपन्यांचा धंदा एकच: गाण्यांच्या सीडीची कॉपी होऊ नये म्हणून तिच्यावर घालायचं कुलूप. एकेकट्याचं कुलूप चोर आठवड्यात तोडायचे. सातही एकत्र जोडली तरच टिकतील, हे दोन वर्षं दारोदार फिरून मीच सगळ्यांच्या गळी उतरवलं होतं. आज आमची संघटना स्थापन होत होती.

प्रत्येकाने आपल्या कुलपाचं गुपित लिहून पाकिटात द्यायचं. पाकिटावर नाव नको, म्हणजे कुणाला भीती नको. ही अटही माझीच.

पहिल्या पाकिटातून कोरा कागद निघाला. माझे कान तापले.

"असेल एखादा भित्रा," मी म्हणालो. "सहांवर भागवू."

दुसराही कोरा. तिसरा, चौथा, पाचवासुद्धा. सहावा कागद बाईंनी उलटसुलट करून पाहिला आणि मी आणलेल्या पेढ्यांच्या खोक्यावर ठेवून दिला. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

"एक उरलंय," बाई हळूच म्हणाल्या. "ते तुमचंच असणार, उकिडवे. तुम्ही तरी लिहिलं असेलच."

सगळ्यांनी आशेने माझ्याकडे पाहिलं. लाख लावण्याआधी तो कागद मी उजेडात धरून दोनदा तपासला होता, चुकून काही लिहिलेलं राहू नये म्हणून.