मोरीवरचं प्रवचन

मेरिबेथ उन्हाळ्यापुरती राष्ट्रीय उद्यानात आली होती. आठवडाभर तिथल्या हॉटेलात भांडी घासायची आणि रविवारी तळ्याकाठी पर्यटकांसाठी प्रार्थना घ्यायची, असं ठरलं होतं. आज तिचं पहिलं प्रवचन होतं, पण स्वयंपाकघरात कामाला माणसं कमी पडली म्हणून मॅनेजरने तिला मोरीवरच थांबवलं.

"काय सांगणार होतीस तिथं, पाद्रीणबाई?" शेजारी तवे खरवडणाऱ्या म्हाताऱ्या ऑरविलने चिडवलं.

"घर सोडून गेलेल्या मुलाची गोष्ट." हात न थांबवता तिने ती सांगितली. मुलगा परत येतो आणि बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो.

ऑरविलने हातातला तवा खाली ठेवला. मग ॲप्रन सोडत म्हणाला, "आमच्याकडे घर सोडून गेला तो बाप. लेक आता तेवीसची असेल. इथं फोनला रेंज कुठं येते?"

"पोस्टामागच्या चढावर. जा तुम्ही, तवे मी घासते."