दोरी ताठ झाली

सकाळी अकरा वाजता कौसाबाईनं वल्हं होडीत आदळलं.

पहाटेपासून ती धरणाच्या पाण्यात होडी वल्हवत होती आणि मागे बसलेला नवरा माशाला भुलवायला गळाला चकाकता पत्रा लावून दोरी धरून होता. दुपारी लेकीला बघायला पाहुणे येणार होते, आणि त्यांना खडस मासा खिलवायचा शब्द त्यानं देऊन ठेवला होता.

जोरात वल्हवलं की तो ओरडे, "हळू! मासा धरायचाय, शर्यत न्हाई जिंकायची."

हळू वल्हवलं की तोच विचारी, "झोपलीस का गं?"

"आता तुमीच वल्हवा," म्हणत ती हात बांधून बसली.

होडी थांबली. पत्रा खोल बुडत गेला आणि एकाएकी दोरी ताठ झाली.

"लागला! वल्हव! न्हाई, थांब!"

"एकदा काय ते ठरवा!"

समोरच्या रस्त्यावरून पाहुण्यांची जीप वेळेआधीच उतरत होती. गळाला खडस लागलाय की धरणात बुडालेल्या आंब्याच्या झाडाचं खोड, ते अजून कळलं नव्हतं.