शकुबाईची धाप

पाटणहून आलेल्या गणपतरावांच्या रक्ताचा रिपोर्ट डॉक्टर वसुधाने पुन्हा वाचला. रक्तात आम्ल भलतंच वाढलेलं आणि कार्बन डायऑक्साइड पार उतरलेला. म्हणजे ते आम्ल सावरायला माणूस जोरजोरात श्वास घेत असणार.

गणपतरावांची छाती तर हलतही नव्हती. नुसते बायकोकडे टक लावून पडले होते.

धापा टाकत होती ती उशाशी बसलेली बायको, शकुबाई.

“तुम्हाला का एवढा दम लागलाय?” वसुधाने विचारलं.

“तीन दिवस झाले जी, थांबताच येऊन नाही राहिलं.” ती उठली. “जरा तुम्ही बसा यांच्यापाशी. मी चहा पिऊन येतो.”

दारापाशी पोचताच शकुबाईची धाप थांबली.

खुर्चीत टेकलेल्या वसुधाला आपला श्वास आवरेना. गणपतरावांचे डोळे हळूच तिच्याकडे वळले.