मोटर लावतोय!

विनोदने लाइटच्या बोर्डाचं झाकण काढलं आणि एक पाऊल मागे सरकला. आतल्या लाकडावर भाकरीएवढा काळा डाग पडला होता.

"मुसाचाचा, हात धरा इथं. नुसता जवळ."

चाचांनी धरला. चुलीपाशी धरल्यासारखी धग लागली.

"आणि ह्या घरात तुम्ही झोपता?" चाचांच्या मुलाने, नबीलने, कुवेतहून फोन करून सांगितलं, म्हणून वायरमन विनोद हातखंब्याहून आला होता. "हे सगळं काढूया. नवा बोर्ड, नवी वायर. मग पाण्याची मोटर लावा, गिझर लावा, एकदम लावा. कोणाला विचारायला नको."

तिथंच घोडं अडलं.

मुसाचाचा आणि कनीजचाची यांचा कित्येक वर्षं अबोला होता. कशावरून, ते दोघंही विसरले होते, आणि आठवायचं तर एकमेकांना विचारावं लागलं असतं. पण मोटर आणि गिझर एकदम लागले की फ्यूज उडायचा. म्हणून रोज सकाळी चाचा अंगणातून ओरडायचे, "मोटर लावतोय!" आणि न्हाणीतून उत्तर यायचं, "थांबा, गिझर चालू आहे!" हे बोलण्यात धरायचं नाही, असं दोघांचं ठरलं होतं. न बोलताच ठरलं होतं.

"आधी विचार करतो," चाचा म्हणाले.

"करा. तोवर घर पेटलं नाही म्हणजे झालं."

स्वयंपाकघरात इतका वेळ वाजणारी भांडी गप्प झाली होती. चाचांनी विनोदला खांद्याला धरून पडवीच्या टोकाला नेलं.

"काय रे, नव्या बोर्डातपण मोटर आणि गिझर एकदम लावले की लाइट जाईल, असं काही करता येतं?"

विनोद त्यांच्याकडे बघतच राहिला. "चाचा, तसं होऊ नये म्हणून लोक मला बोलावतात."

"येतं की नाही, ते सांग."

"येतं. दोन्ही एकाच बारक्या स्विचवर घेतो. एकदम लावले की तो आपोआप पडेल. जळणार मात्र काही नाही."

"मग बसव."

विनोद भिंतीवर पेन्सिलीने खुणा करू लागला. तेवढ्यात खोबऱ्याची वाटी हातात घेऊन कनीजचाची दारात आल्या. चाचांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"विनोद," त्या म्हणाल्या, "माझा मिक्सरपण त्याच बारक्या स्विचवर घे हां."